क्लच सुटतही नाही, धरतही नाही : इंदूरच्या एका जुन्या जिप्सीचं प्रकरण

गाडी १९९९ ची मारुती जिप्सी किंग, म्हणजे एमजी ४१३ डब्ल्यू. कार्ब्युरेटरचं १२९८ सीसी इंजिन, पाच गिअर, कापडी टप. मीटरवर एक लाख एक्केचाळीस हजार किलोमीटर. मधली काही वर्षं मीटरच बंद होतं असं मालक सांगतात, म्हणून या आकड्यावर फार विसंबायचं नाही. गाडी सुदामानगरातल्या एका घरची. पावसाळ्यात ती चोरलकडे, जानापावला, कधी महूहून जाम गेटपर्यंत जायची. त्या ऑगस्टात तिने तीन-चार वेळा ओढे ओलांडले. एकदा पाणी चाकाच्या मध्याच्याही वर होतं. मग गणपतीपासून दिवाळीपर्यंत गाडी कडुलिंबाखाली एका जागी उभी राहिली.

दिवाळीत ती काढली आणि तक्रारी सुरू झाल्या. इंजिन चालू असताना रिव्हर्स टाकला की खरर्र. पहिला गिअर हाताने ढकलून बसवावा लागे. एका गॅरेजने केबल घट्ट केली, तेव्हा आठवडाभर जरा बरं वाटलं. त्यानंतर सिमरोलचा घाट चढताना चौथ्यात इंजिन ओरडायचं, पण गाडी पुढे सरकायची नाही, आणि जळका वास यायचा. दुसऱ्या गॅरेजने केबलच नवी टाकली आणि तीही तशीच ताणून बसवली. तिसऱ्या ठिकाणी निकाल मिळाला की गिअरबॉक्स गेला, खोलून सगळ्या पितळी रिंगा (सिंक्रो रिंगा, ज्या गिअर बसण्याआधी वेग जुळवतात) बदलाव्या लागतील.

या तक्रारी एकमेकींच्या उलट आहेत. रिव्हर्स खरखरतो म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही. घाटात इंजिन ओरडतं म्हणजे क्लच पूर्ण धरत नाही. बिघाड नुसता ॲडजस्टमेंटचा असेल तर दोन्हींपैकी एकच दिसतं. केबल सैल असेल तर क्लच चिकटतो आणि ताणलेली असेल तर घसरतो. एकाच गाडीत दोन्ही दिसले तर समजायचं की आतल्या एका दोषावर कुणीतरी केबल ताणून पांघरूण घातलंय. तिसऱ्या गॅरेजने सांगितलेला गिअरबॉक्सचा खर्च करण्याआधी हा विचार पाच मिनिटं करायला हवा होता.

न खोलता काय कळतं

जिप्सीत गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद दोन किंवा चारही चाकांना देणारा डबा) वेगवेगळे असतात आणि त्यांना एक आखूड शाफ्ट जोडतो. तपासणीसाठी ही रचना फार सोयीची आहे. ट्रान्सफरचा लिव्हर एनवर, म्हणजे न्यूट्रलवर, ठेवला की चाकांचा गिअरबॉक्सशी संबंध तुटतो. गाडी उभी राहते आणि गिअरबॉक्स हवा तसा फिरवून बघता येतो. मात्र या स्थितीत गिअरमध्ये असलेली गाडीही उतारावर घरंगळते. म्हणून आधी सपाट जागा, चारही चाकांना दगड किंवा लाकडाचे ठोकळे, आणि मग लिव्हरला हात.

पहिली तपासणी इंजिन बंद ठेवून. पाचही गिअर आणि रिव्हर्स एकेक करून टाकून पाहिले. सगळे आवाज न करता, बोटांच्या जोरावर बसले. म्हणजे आतले गिअर सरकवणारे सिलेक्टर शाफ्ट, फोर्क आणि लिव्हरची जोडणी ठीक आहे. लिव्हरला आडवा हेलकावा जास्त होता, पण ती खालच्या प्लॅस्टिकच्या वाटीची झीज. तिचा या खरखरीशी संबंध नाही.

दुसरी तपासणी इंजिन चालू करून, स्लो रनिंगवर, ट्रान्सफर एनवर. पेडल तळापर्यंत दाबायचं, मनात दहा मोजायचे आणि मग रिव्हर्स टाकायचा. जिप्सीच्या रिव्हर्सला सिंक्रो रिंग नाही, त्यामुळे तो खोटं बोलू शकत नाही. क्लच नीट सुटत असेल तर पाच-सहा सेकंदांत गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (क्लचमधून ताकद आत आणणारा दांडा) थांबतो आणि रिव्हर्स मुकाट बसतो. पेडल दाबल्या दाबल्या टाकला तर चांगल्या गाडीतही खरखर होते. तो दोष गाडीचा नाही, घाईचा आहे. या गाडीत दहा मोजले, पंधरा मोजले, तरी खरर्र. शाफ्ट थांबतच नव्हता.

पुढची तपासणी बघण्यासारखी असते. ट्रान्सफर एनवर, पेडल दाबून पहिला गिअर, आणि मग इंजिन चालू. एकजण बाजूने बॅटरीचा झोत टाकून मधल्या आखूड शाफ्टकडे बघतो. हात आत घालायचा नाही, सैल बाही किंवा उपरणं तर अजिबात नाही. शाफ्ट आरामात फिरत होता. पण एवढ्यावर निकाल द्यायचा नाही. ट्रान्सफर एनवर असताना शाफ्टवर काहीच ओझं नसतं, आणि चांगला क्लचही त्याला हळू हळू फिरवू शकतो. म्हणून पुढे ट्रान्सफर टू एचमध्ये (ताकद फक्त दोन चाकांना, नेहमीच्या रस्त्याची स्थिती), गाडी मोकळ्या मैदानात, समोर कुणी नाही, पाय ब्रेकवर. पहिला गिअर, क्लचपेडल तळाला, आणि ब्रेक हलकेच सैल. गाडी बैलासारखी पुढे ओढू लागली. ब्रेक दाबला तर इंजिनचा आवाज पडायचा. इतका जोर नुसत्या तेलाच्या ओढीने येत नाही. क्लच चिकटतोय हे पक्कं झालं, आणि गिअरबॉक्स तूर्त निर्दोष.

इथे एक फरक सांगायला हवा, कारण रिंगा बदलण्याचे बरेच सल्ले तो न पाहता दिले जातात. गाडी उभी, इंजिन चालू, आणि रिव्हर्ससह सगळेच गिअर कुरकुरतात, तर दोष क्लचचा. गाडी चालती, आणि एकच गिअर, बहुधा तिसऱ्यावरून दुसरा, झटक्यात घेतल्यावर खरखरतो पण सावकाश घेतला की गप्प बसतो, तर दोष त्या गिअरच्या रिंगेचा. गिअर बसतो पण भाराखाली किंवा उतारावर पाय उचलला की बाहेर उडी मारतो, तर दात गोलावलेले आहेत, फोर्क झिजलाय, नाहीतर लॉकची स्प्रिंग-गोळी थकलीय. आणि गाडी जुनी असेल तर त्याआधी गिअरबॉक्स आणि ट्रान्सफरची फाउंडेशन रबरं बघायची. ट्रान्सफर तीन रबरांवर टांगलेला असतो. एखादं फाटलं की तो भाराखाली वळतो आणि लिव्हर आपोआप सरकतो.

आता केबल. बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) बाहेर जो लिव्हर केबलने ओढला जातो, त्याच्या टोकाला २ ते ४ मिमी मोकळी चाल हवी. इथे शून्य होती. लिव्हर बोटाने हलतच नव्हता. ॲडजस्टमेंटचा नट सैल करून ३ मिमी चाल दिली. मालक शेजारी उभे होते. म्हणाले, "अहो दादा, कालच तर घट्ट केली ती!" तेच तर दुखणं होतं. मोकळी चाल नसली की रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) डायफ्रॅमच्या, म्हणजे क्लचच्या चपट्या स्प्रिंगच्या, बोटांवर सतत टेकून राहतं आणि क्लचप्लेटला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची पकड थोडी कायमची सैल होते. सपाट रस्त्यावर चालून जातं. घाटात चौथ्यात भार आला की प्लेट घसरते, तापते आणि वास सोडते. शिवाय क्लचप्लेट जसजशी झिजते तसतशी ही बोटं बेअरिंगच्या दिशेने येतात, म्हणजे मोकळी चाल आपणहून कमी होते. जुन्या क्लचची केबल अधूनमधून सैल करावी लागते. ती घट्ट करण्याची सवय नेमकी उलटी आहे.

चाल दिल्यावर घसरण तपासली. हँडब्रेक ओढून, ट्रान्सफर टू एचमध्ये, तिसरा गिअर, थोडा ॲक्सिलरेटर आणि क्लच सोडून दिला. इंजिन धाडकन बंद पडलं. ही तपासणी एकदाच करायची. पाच-सहा वेळा केली तर त्यातच प्लेट जळते. म्हणजे प्लेटमध्ये जीव होता आणि घसरण निव्वळ ताणलेल्या केबलची होती. चिकटणं मात्र कायम, उलट किंचित वाढलेलं.

बाहेरची शेवटची शंका अशी की पेडलची चाल वाटेत कुठे हरवते का. जुन्या गाड्यांत पेडलचा ब्रॅकेट जिथे पत्र्याला लागतो तिथे तडा असतो. पेडल दाबलं की पत्राच आत जातो आणि केबल ओढली जातच नाही. एकाने पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने बोनेट उघडून त्या जागी बघायचं. इथे पत्रा ठीक होता. लिव्हरचं टोक किती सरकतं ते पट्टीने मोजलं आणि त्याच मॉडेलच्या दुसऱ्या धडधाकट जिप्सीशी ताडून पाहिलं. फरक मिलिमीटरभराचा. चाल पूर्ण पोचते आहे आणि तरी प्लेट सुटत नाही. आता खोलण्याला पर्याय नव्हता.

आवाजानेही दिशा दाखवली होती. केबल ताणलेली असताना सतत एक सूं-सूं यायची. चाल दिल्यावर ती थांबली. ती रिलीज बेअरिंगची. पेडल तळाला दाबून पहिला गिअर टाकला की एक बारीक किंचाळ उरत होती. न्यूट्रलमध्ये पाय पेडलवर नसताना घरघर येते आणि दाबलं की जाते, तर ती गिअरबॉक्सच्या इनपुट बेअरिंगची. इथे उलट होतं. पेडल दाबल्यावरच आवाज, तोही गिअरमध्ये जास्त. संशय पायलट बेअरिंगवर गेला.

पायलट बेअरिंग म्हणजे फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या मागच्या जड चाकाच्या) मध्यात बसलेलं छोटं बॉल बेअरिंग. इनपुट शाफ्टचं पुढचं नाक त्यात टेकतं. क्लच लागलेला असताना फ्लायव्हील आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, म्हणून हे बेअरिंग शेकडो किलोमीटर प्रत्यक्षात फिरतच नाही. ते फिरतं फक्त पेडल दाबल्यावर. त्यामुळे ते गंजून जाम झालं तरी रस्त्यावर पत्ता लागत नाही. पेडल दाबलं, प्लेट सुटली, तरी जाम बेअरिंग शाफ्टचं नाक धरून त्याला फिरवत राहतं. केबल कितीही ताणा, काही उपयोग नाही.

खोलताना

बॅटरीचं ऋण टोक आधी सोडवायचं. आतून दोन्ही लिव्हर काढायचे. रबरी बूट आणि पट्टी सोडवून, टोपण दाबून फिरवलं की लिव्हर वर येतो. भोकावर लगेच स्वच्छ फडकं. त्यात पडलेला एक स्क्रू नंतर पूर्ण बॉक्स उघडायला लावतो. खाली गाडी चार भक्कम घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर). नुसत्या जॅकवर कुणीही खाली जायचं नाही.

तेल काढताना आधी वरचा भरण्याचा बोल्ट सोडवून बघायचा आणि मगच खालचा. वरचा जाम असेल आणि खालचं तेल गेलं असेल तर गाडी तिथेच अडकते. ट्रेमध्ये एक लोहचुंबक टाकून ठेवला. गिअरबॉक्समधून जेमतेम ९०० मिली काळं, घट्ट तेल आलं. हिशेबाने १.३ लिटर हवं. जाडी आणि वास सांगत होते की आवाज दाबण्यासाठी कुणीतरी १४० नंबरचं तेल भरलंय. उन्हात धरल्यावर त्यात सोनेरी चमक दिसत होती आणि ती चुंबकाला चिकटत नव्हती. ती रिंगांच्या पितळेची. पोलादाचे कण चिमूटभर, भुकटीसारखे. तुकडे किंवा चकत्या मिळाल्या असत्या तर गोष्ट वेगळी होती, मग गिअरबॉक्स खोलावाच लागला असता. ट्रान्सफर केसमधून मात्र चहासारखं दुधाळ तेल आलं, म्हणजे आत पाणी. गरम झालेली केस थंड ओढ्यात उतरली की आतली हवा आकसते. श्वासनळी (केसमधली हवा आत-बाहेर जाऊ देणारा ब्रीदर) चिखलाने बंद असेल तर ती हवा सीलच्या फटीतून पाणी ओढून घेते. इथे ती काळ्या मातीने घट्ट बुजलेली होती. माळव्याची ही माती वाळली की सिमेंटसारखी बसते, नुसत्या हवेच्या झोताने निघत नाही. गरम पाण्यात भिजवून तारेने साफ करावी लागली.

मधला आखूड शाफ्ट काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर छिन्नीची खूण केली. फ्लँजला चार-चार बोल्ट. खूण नसेल तर शाफ्ट उलटा बसतो आणि नवीनच थरथर सुरू होते. मग स्टार्टर, रिव्हर्स दिव्याची तार, क्लच केबल, सायलेन्सरचा आड येणारा पाइप आणि गिअरबॉक्सची आडवी पट्टी. इंजिनच्या तेलाच्या चेंबरखाली लाकूड ठेवून हलका आधार दिला, कारण पट्टी निघाली की इंजिन मागे झुकतं आणि वरचे बोल्ट अडकतात.

गिअरबॉक्स मागे सरळ ओढायचा, जॅकवर तोलून. इथे होणारी चूक महागात पडते. बोल्ट निघाल्यावर बॉक्स लटकू दिला तर सगळं वजन इनपुट शाफ्टमधून प्लेटच्या मधल्या हबवर येतं आणि हब वाकतो. मग नव्या प्लेटचाही क्लच चिकटतो, आणि कारण कुणाला सापडत नाही.

बेल हाउसिंगच्या तळाला मूठभर वाळलेली काळी माती निघाली, तळ्याच्या गाळासारखी भेगाळलेली. खालची पत्र्याची झाकणपट्टी जागेवर नव्हतीच. कधीतरी स्टार्टरचं काम करताना काढली असावी आणि परत लावायचं राहून गेलं असावं. पाणी आत येण्याचा मार्ग तोच.

क्लचप्लेट स्प्लाइनवरून, म्हणजे इनपुट शाफ्टच्या लांब खाचांवरून, सरकवायला दोन्ही हातांनी ओढावी लागली. स्प्लाइनवर तांबूस पावडर. प्लेट या खाचांवर सहज पुढे-मागे सरकली नाही तर प्रेशर प्लेट उघडली तरी ती फ्लायव्हीलला चिकटून राहते. पायलट बेअरिंग बोटाने फिरवलं तर हललंच नाही. आतली रिंग नारिंगी गंजाने भरलेली. शाफ्टच्या नाकावर चकचकीत ओरखडे होते आणि भोवती तपकिरी भुगा. म्हणजे दोष दोन होते आणि दोन्ही त्याच पाण्याने केलेले.

नाकाची झीज मायक्रोमीटरने मोजली. बेअरिंगमध्ये जाणारा भाग आणि त्याच्या मागचा न झिजलेला भाग यांत मोजण्याजोगा फरक नव्हता, ओरखडेही नखाला जाणवत नव्हते. बारीक एमरीने ते पुसले. नाक खोल झिजलेलं असतं तर नवं बेअरिंग टाकून उपयोग नव्हता. शाफ्ट डुगडुगतो आणि नवी प्लेटही वाकडी घासते.

बाकीची तपासणी थोडक्यात. प्लेटच्या रिव्हेटचं डोकं पृष्ठभागापासून ०.९ मिमी खोल. नव्या प्लेटला ते १.२ मिमी असतं आणि ०.५ मिमीला प्लेट बाद होते. डायफ्रॅमच्या बोटांवर बेअरिंगने घासून पाडलेली गोल चकचकीत खोबण. रिलीज बेअरिंग फिरवलं तर वाळूसारखं खडखडत होतं. रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या क्लच फोर्कच्या शाफ्टच्या बुशा सैल, त्यामुळे बेअरिंग किंचित तिरकं टेकत होतं. फ्लायव्हीलवर दोन निळे डाग, पण भेगा नाहीत. डायल गेजने पृष्ठभागाची डुगडुग (रनआउट) मोजली, ती ०.२ मिमीच्या आत होती. म्हणून लेथवर न घालता १२० नंबरच्या एमरीने फिरत्या हाताने चमक मोडली.

काय बदललं आणि काय ठेवलं

प्लेट अजून चालली असती, हे खरं. पण जिप्सीचा गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी प्लेटच्या किमतीपुढे इतकी असते की उघडलेल्या हाउसिंगमध्ये अर्धी झिजलेली प्लेट परत घालणं वेडेपणाचं. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा संच घेतला. जोडीला पायलट बेअरिंग, फोर्कच्या दोन बुशा, इनपुट शाफ्टचं सील आणि फ्लायव्हील निघालंच म्हणून इंजिनचं मागचं मोठं सील. ते कोरडं होतं, तरी बदललं, कारण पुढच्या वर्षी ते गळलं तर हाच सगळा खेळ पुन्हा. गळतीचा माग वासावरून लागतो. पातळ, काळं, जळक्या वासाचं तेल इंजिनचं. घट्ट आणि गंधकाचा उग्र वास मारणारं गिअरचं.

सर्वसामान्य ग्राहकांसाठी जिप्सीचं उत्पादन थांबून बरीच वर्षं झाली, आणि बाजारात अस्सल डब्यातला नकली माल भरपूर आहे. संच घेताना जुनी प्लेट सोबत न्यावी. व्यास, स्प्लाइनची संख्या आणि हबची उंची दुकानातच ताडून बघावी. आणि नवी प्लेट शक्य झालं तर इनपुट शाफ्टवर सरकवून बघावी. ती स्वतःच्या वजनाने घसरायला हवी.

पायलट बेअरिंग दोन्ही बाजूंनी रबरी झाकणाचं घेतलं. पत्र्याच्या झाकणाचंही चालतं, पण पाण्यातून जाणाऱ्या गाडीत रबर बरं. फ्लायव्हील बाहेर असल्याने जुनं बेअरिंग मागून दाबून निघालं. फ्लायव्हील न काढता करायचं असेल तर ओढणारं हत्यार लागतं. भोकात ग्रीस किंवा ओला पाव ठासून, घट्ट बसणारी सळई हातोडीने ठोकायची जुनी युक्तीही आहे. पितळी बुशीला ती छान चालते, गंजलेल्या बॉल बेअरिंगला दर वेळी नाही, आणि पाव नंतर आतून खरवडत बसावं लागतं. नवं बेअरिंग बसवताना दाब फक्त बाहेरच्या रिंगेवर द्यायचा. आतल्या रिंगेवर ठोकलं तर गोळ्यांच्या खाचा पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणतं.

इनपुट शाफ्टची स्प्लाइन पितळी ब्रशने कोरडी साफ केली. मग मॉलिब्डेनम ग्रीसचा अगदी पातळ हात. बोटावर घेतलेलं वाटाण्याएवढं ग्रीस सगळ्या स्प्लाइनला पुरतं. जास्त लावलं तर ते फिरताना उडून प्लेटवर जातं, आणि मग घाटात पुन्हा तोच वास. रिलीज बेअरिंग पेट्रोलने धुवायचं नाही, त्यातलं आतलं ग्रीस निघून जातं. नुसतं फडक्याने पुसायचं.

प्लेटची बाजू हा कसोटीचा मुद्दा. मधल्या हबचा स्प्रिंगचा फुगवटा प्रेशर प्लेटकडे, म्हणजे गिअरबॉक्सकडे यायला हवा. उलटी लागली तर हब फ्लायव्हीलच्या बोल्टांना लागतो आणि क्लच सुटतच नाही. मध्य साधायला डमी शाफ्ट, नाहीतर जुन्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, एका वेळी अर्धा फेरा. एक बाजू आधी आवळली तर कव्हर कायमचं वाकतं. शेवटचा आवळ १८ ते २८ न्यूटन मीटर.

खालची झाकणपट्टी दीड मिमी पत्र्यातून नवी कापली. तळाला ६ मिमीचं एक भोक मुद्दाम ठेवलं, पाणी आलं तर निघून जाईल. पूर्ण बंद केलं असतं तर आत आलेलं पाणी बेल हाउसिंगमध्ये साचून राहिलं असतं.

गिअरबॉक्समध्ये १.३ लिटर ८०डब्ल्यू-९०, जीएल-४ दर्जाचं. जीएल-५ नाही. त्यातली जास्तीची गंधकयुक्त द्रव्यं पितळी रिंगांना खातात, आणि ते इतकं निसरडं असतं की रिंगेला गिअरची गती पकडायला वेळ लागतो. ट्रान्सफरमध्ये ०.८ लिटर. पण पहिलं भरलेलं तेल धुण्यापुरतं. दहा किलोमीटर गाडी चालवून ते गरम असतानाच काढलं, तर अजून फिकट दुधाळ होतं. दुसऱ्यांदा भरलं तेव्हा स्वच्छ राहिलं. श्वासनळीला रबरी नळी जोडून तिचं टोक इंजिनच्या खणात वर, पाण्याच्या पातळीपासून लांब नेलं.

गिअर लिव्हरची प्लॅस्टिक वाटी बदलली. अर्ध्या तासाचं काम, पण चालवणाऱ्याला सगळ्यात आधी हेच जाणवतं.

केबलला लिव्हरच्या टोकाशी ३ मिमी चाल दिली. पेडलला ती दोनेक सेंटिमीटर भरली.

काय गेलं आणि काय राहिलं

पेडल दाबून चार सेकंदांनी रिव्हर्स आवाज न करता बसला. पहिला बोटाने. टू एचमध्ये, ब्रेक न लावता, पेडल तळाला, गाडी जागची हलली नाही. सिमरोलचा घाट चौथ्यात चढताना इंजिन आणि वेग एकत्र चढले. किंचाळी गेली.

एक तक्रार मात्र उरली, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. वेगात तिसऱ्यावरून दुसरा झटक्यात घेतला तर हलकी खरखर. तेलातलं सोनं तिथलंच होतं. दोन-तीन महिने चिकटणाऱ्या क्लचसकट गिअर रेटून घेतल्याने दुसऱ्याची रिंग झिजली होती, कारण फिरत राहिलेल्या शाफ्टची सगळी गती तिलाच थांबवावी लागे. १४० नंबरचं घट्ट तेल होतं तेव्हा डिसेंबरच्या सकाळी खरखर जास्त, गाडी तापली की कमी. पातळ तेलाने फरक पडला, पण पूर्ण गेली नाही.

गिअरबॉक्स खोलून रिंग बदलायची का, हा निर्णय मालकांचा. खोलल्यावर रिंग गिअरच्या शंकूवर दाबून मधली फट मोजतात. नव्या रिंगेत ती १ ते १.४ मिमी असते आणि ०.५ मिमीच्या खाली गेली की रिंग बाद. रिंग बदलायची तर हब आणि स्लीव्हचे दातही बघावे लागतात, नाहीतर नवी रिंग जुन्या दातांशी सहा महिने भांडते. गाडी महिन्यातून दोन-तीनदा निघते, त्यामुळे त्यांनी थांबायचं ठरवलं. तोवर डबल क्लच : तिसऱ्यावरून न्यूट्रल, पेडल सोडायचं, थोडा ॲक्सिलरेटर, पुन्हा पेडल, आणि दुसरा. असा घेतला की रिंगेला काम उरत नाही आणि खरखर येत नाही. जुन्या ट्रकवाल्यांना हे शिकवावं लागत नाही.

पाण्यात जाण्याबद्दल त्यांना तीन गोष्टी सांगितल्या. ओढ्यात उतरण्याआधी फोर एल (चारही चाकांना ताकद, कमी वेग) आणि पहिला किंवा दुसरा ठरवून घ्यायचा आणि पलीकडे जाईपर्यंत पेडलला पाय लावायचा नाही, कारण प्लेट उघडी झाली की तिच्या दोन्ही बाजूंना पाणी आणि गाळ शिरतो. खोल पाणी झालं की त्याच आठवड्यात गिअरबॉक्स, ट्रान्सफर आणि दोन्ही ॲक्सलचं तेल बोटावर घेऊन बघायचं. आणि पावसाळ्यानंतर गाडी उभी ठेवायची असेल तर आठवड्यातून एकदा ती चालू करून, थोडी पुढे-मागे नेऊन, पेडल वीस-पंचवीस वेळा दाबायचं. काठी लावून पेडल महिनोन्‌महिने दाबून ठेवणारे लोक आहेत. त्याने प्लेट चिकटत नाही हे खरं, पण केबल आणि डायफ्रॅम दोन्ही ताणात राहतात, आणि पायलट बेअरिंगच्या गंजाला ती काठी काहीच करत नाही.

सहाशे किलोमीटरनंतर गाडी तपासणीला आली. नवी प्लेट घासून जागेवर बसल्यामुळे लिव्हरची चाल ३ वरून दीड मिमीवर आली होती. नट सैल करून ती पुन्हा ३ केली. पत्र्याच्या पट्टीतलं भोक तारेने मोकळं केलं तेव्हा त्यातून चिमूटभर कोरडी काळी माती पडली.